घराण्याचा खोकला

फाटक वाजलं, पाठोपाठ दोन आखूड आणि एक लांब असा खोकला आला, आणि आतल्या खोलीतून आबा डोळे न उघडता म्हणाले, "ताई आली. चहा टाका."

ताई खरोखरच आली होती. बसमधून उतरल्यापासून तिने तोंडावर पदर दाबून धरला होता. फाटकाची कडी काढायला हात मोकळा करावा लागला, तेवढ्यात खोकल्याने गाठलं. सासरी ती वर्षभरात एकदाही खोकत नसे.

"माहेर दिसलं की कसा आठवतो बघ," आबा बाहेर येत समाधानाने म्हणाले.

"आबा, मला श्वास तरी घेऊ द्या."

"घे की. तुझंच घर आहे."

या घराण्याला मिरवायला दुसरं काही नव्हतं. वाडवडिलांनी लढाई मारलेली नव्हती की देऊळ बांधलेलं नव्हतं. होता तो खोकला. आबांच्या वडिलांचा खोकला म्हणे पार चौकापर्यंत ऐकू जायचा. हे सांगताना आबांची छाती फुगायला निघायची आणि अर्ध्यावर अडकून बसायची. भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावर कोण खोकतंय हे आबा ओळखत आणि चुकत नसत. त्यांचं एक शास्त्रच होतं. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा खोकला सुटतो, कारण ती दुसऱ्या घराण्याची होते. सून आली की तिला तो दोन-तीन वर्षांत लागतो, कारण ती आपली होते. ताईचा सुटला होता. धाकट्या सुनेला तिसऱ्या वर्षी पहिली उबळ आली, तेव्हा आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून "आता तू खरी या घरची झालीस" असं म्हटलं होतं आणि ही बातमी शेजारी जाऊन सांगितली होती.

कुंपणापलीकडे गिरणी होती. तिथे पांढरा दगड दळून त्याची भुकटी करत. ती भुकटी भिंतीच्या रंगात जायची, फरशीत जायची, दात घासायच्या पावडरीत जायची आणि उरलेली या गल्लीत यायची. गल्लीतले लोक तिला पीठ म्हणत. झाडांवर पीठ, वाळत घातलेल्या कपड्यांवर पीठ, मांजराच्या पाठीवर पीठ. आबांचे वडील त्या गिरणीत होते, आबा तिथूनच निवृत्त झाले आणि थोरला आता तिथे मुकादम होता. पण पिठाचा आणि खोकल्याचा संबंध जोडणं म्हणजे आबांच्या मते घराण्याला बट्टा लावणं होतं.

तो संबंध धाकट्या सुनेने लेखी जोडला होता. आज दुपारी सरकारी साहेबांसमोर त्याची सुनावणी होती.

*

"अर्जावर गल्लीतल्या किती जणांच्या सह्या टिकल्या?" ताईने चहाचा कप घेत विचारलं.

"माझी," धाकटी म्हणाली.

"आणि बाकीचे?"

"एकेकाला भाऊजी जाऊन भेटून आले."

थोरला आरशासमोर भांग पाडत होता. तो लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता. गिरणीची आणि त्याची जोडी जमली होती आणि दोघांचा आवाजही हळूहळू सारखा होत चालला होता. "भेटलो म्हणजे काय, समजावलं," तो म्हणाला. "अर्ध्या गल्लीची पोरं गिरणीत आहेत. गिरणी बंद पडली की काय खाणार? हक्क?"

"बंद करा म्हटलेलंच नाही मी," धाकटी म्हणाली. "दगड ओला करून दळा, आणि चारही बाजूंनी भिंती घालून वर छप्पर घाला. दोनच गोष्टी मागितल्यात."

"ओला दगड दळला की पीठ निघत नाही, चिखल निघतो."

"मग वाळवा."

"वाळवा म्हणे! तू चालवतेस का गिरणी?"

"मी तुमचे शर्ट झटकते, भाऊजी. रोज संध्याकाळी. अर्धी गिरणी माझ्याच हातून जाते."

आतून बारीक, सुकी उबळ ऐकू आली. चिमी सहा वर्षांची होती. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं आणि औषध लिहिण्याआधी विचारलं होतं, "राहता कुठे?" पत्ता ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. हवा बदलली नाही, तर ही मुलगी दोन-चार वर्षांत जिना चढू शकणार नाही, असं ते म्हणाले होते. धाकटीने त्याच दिवशी अर्ज केला.

"चिमी," आबा म्हणाले. "शेवटाला जरा वर जातो तिचा. अगदी आजीवर गेलाय."

आबांना हे कौतुकच वाटत असावं, कारण ते पुढे म्हणाले, "तुमच्या आईचा शेवटी शेवटी माझ्याहून सरस झाला होता. बाहेरून आली, पण घराण्यात अशी मिसळली!"

"आबा," ताई हळू आवाजात म्हणाली, "आई याच अंगणात उभी राहून तुमचे शर्ट झटकायची."

"तर! तिच्यासारखा झटका कुणाला जमला नाही. फटाक् करून आवाज यायचा."

ताईने कप खाली ठेवला. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे आत्ता नको.

इतका वेळ मास्तर पेपर तपासत होता. मास्तर म्हणजे धाकटा. घरात, गल्लीत आणि बायकोच्या तोंडीसुद्धा तो मास्तरच होता. तो नागरिकशास्त्र शिकवायचा आणि ते शिकवणं त्याला शोभायचं, कारण त्याने आजवर कुणाच्याही हक्काला धक्का लावला नव्हता, स्वतःच्या हक्काला तर नाहीच.

"मास्तर, तुमचं काय?" ताईने विचारलं.

"माझं? मी हिच्या बाजूचा आहे. तात्त्विकदृष्ट्या प्रश्नच नाही. निरोगी जीवन आणि स्वच्छ परिसर हे माणसाचे मूलभूत हक्क आहेत. दर वर्षी विचारतो मी हा प्रश्न. दोन मार्काला."

"पोरं काय लिहितात?"

"बरोबर लिहितात. या प्रश्नाला कुणी नापास होत नाही."

"मग दुपारी उभं राहून तेवढंच म्हणा," धाकटी म्हणाली. "दोन मार्कांपुरतं."

मास्तरने लाल पेनाचं टोपण लावलं. "म्हणतो ना. कुठे नाही म्हणालो?"

थोरला आरशातूनच हसला. "शाळेला इमारत कुणी बांधून दिली ते पण म्हण तिथे. बाकांवर गिरणीचं नाव आहे, बसताना वाचत जा."

मास्तरने टोपण काढलं आणि परत लावलं.

धाकटीने त्याचा नाद सोडला. ती आबांच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. "आबा, तुम्ही माझ्या बाजूने बोलू नका. भाऊजींच्याही बाजूने बोलू नका. साहेब विचारतील तेवढं फक्त खरं सांगा."

"मी जन्मात खोटं बोललो नाही, सूनबाई. गिरणीत कुणालाही विचार."

"गिरणीतलं नको. मला सांगा."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नखांच्या कडांना अजूनही पांढरं होतं. निवृत्तीनंतर इतकी वर्षं आंघोळी करूनही ते गेलं नव्हतं. "खरं सांगेन," ते म्हणाले.

धाकटीचा त्यांच्यावर विश्वास बसला. घरात विश्वास ठेवावा असं तेवढंच माणूस उरलं होतं.

*

सुनावणी मास्तरच्याच वर्गात होती. मोठी जागा दुसरी नव्हती. साहेबांची खुर्ची फळ्यासमोर मांडली होती आणि त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर मास्तरने स्वतः रंगवलेला तक्ता टांगला होता. आपले हक्क. तिसऱ्या ओळीत निरोगी जीवन, चौथ्या ओळीत स्वच्छ परिसर. चौथी ओळ हिरव्या शाईत होती आणि शेजारी एक झाड काढलं होतं. गल्लीतली माणसं पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. त्या अवस्थेत कुणीही शहाण्यासारखा दिसत नव्हता.

साहेबांनी येताच खिडक्या उघडायला लावल्या. गरम होत होतं. शाळेच्या आवाराला लागूनच गिरणीची मागची बाजू होती. थोड्याच वेळात साहेबांच्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकं पीठ बसलं. गिरणीच्या वकिलाने रुमालाने ते पुसलं आणि साहेबांनी त्यांना "थँक यू" म्हटलं.

धाकटी उभी राहिली आणि बोलली. तिने पाठ केलं नव्हतं, म्हणून मधेच अडखळली, पण चिमीचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "साहेब, मी उपकार मागत नाही. श्वास घ्यायला अर्ज करावा लागतो, याचीच मला लाज वाटते."

"छान बोलता," साहेब म्हणाले. "बसा."

वकील उठले. गोरेगोमटे, गोड आवाजाचे, आणि दूरच्या गावातून आलेले, म्हणून अजून न खोकणारे. "आमची बाईंना पूर्ण सहानुभूती आहे. मुलगी आजारी आहे, कुणालाही वाईट वाटेल. पण हा आजार गिरणीचा नाही, साहेब. हा या घराण्याचा खोकला आहे. ही गोष्ट आम्ही नाही म्हणत, सबंध गल्ली म्हणते. आबासाहेब, म्हणते की नाही?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आबांना आबासाहेब म्हटलं होतं. ते उठले. बाकात गुडघा अडकला होता, तो थोरल्याने सोडवला.

"म्हणते," आबा म्हणाले.

"किती पिढ्यांचा?"

"माझा बाप. मग मी. माझी तिन्ही मुलं. आता नात."

धाकटीने डोळे मिटले. पण यात खोटं काही नव्हतं, असं ती स्वतःला समजावत राहिली. विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं. तीच तर त्यांना तसं म्हणाली होती.

ताईच्याने मात्र राहवेना. ती उठली. "साहेब, मी यांची मुलगी. लग्न झालं, मी दुसऱ्या गावाला गेले आणि खोकला गेला. पार गेला. मग घराण्याचा कसा?"

"तुम्हाला आता खोकला नाही?" वकिलांनी विचारलं.

"अजिबात ना—" ताई म्हणाली आणि उघड्या खिडकीतून आलेल्या झुळकेने तिला धरलं. दोन आखूड, एक लांब. मग पुन्हा. वर्ग हसला. गिरणीने ज्यांचे काका-मामा खाल्ले होते, तेही हसले. बुटक्या बाकांवर बसलं की माणसाला हसू लवकर येतं.

ताई पदरात तोंड धरून थांबली. मग हसणाऱ्यांकडे न बघता ती आबांकडे वळली. तिला त्यांना दुखवायचं नव्हतं. तिला फक्त मार्ग सापडला होता.

"आबा," ती म्हणाली, "आईला कसा झाला मग?"

"काय?"

"आई दुसऱ्या घरातून आली होती. तिच्या माहेरी कुणी खोकत नव्हतं. तिला कसा झाला?"

साहेबांनी कागदातून वर पाहिलं. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच समजल्यासारखा दिसला. "हो, हे सांगा. तुमच्या पत्नी या घराण्याच्या नव्हत्या ना?"



इतकी वर्षं हा प्रश्न आबांच्या समोरच्या अंगणात उभा होता आणि त्यांनी तो कौतुकाने पाहिला होता. फटाक् करून शर्ट झटकला की तिच्याभोवती पांढरा ढग उठायचा आणि ती त्यातून हसत बाहेर यायची. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. "बघा, म्हातारी झाले," असं म्हणायची. ती म्हातारी काही झाली नाही. शर्ट त्यांचे होते. गिरणीच्या फाटकावर ते झटकता आले असते. बाकीचे काही जण झटकायचे. यांना घरी जायची घाई असायची.

आता फक्त हो म्हणायचं होतं. ती बाहेरची होती, एवढंच. पण ते म्हटलं की घराण्याला खोकला नव्हता, नुसती गिरणी होती. बापाचा काही वारसा नव्हता. आणि बायकोला कुणी मारलं, हेही सगळ्या गल्लीसमोर निघालं असतं.

"नव्हती कशी?" आबा म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "ती नात्यातलीच होती. लांबची. रक्त एकच."

ताई मटकन खाली बसली.

"अच्छा," साहेब म्हणाले. मग त्यांनी पेनाने धाकटीकडे खूण केली. "आणि या? यांनाही खोकला आहे म्हणतात. या तर सून ना?"

थोरला जागेवरूनच बोलला, "त्याही नात्यातल्याच, साहेब. आमच्यात असंच आहे."

धाकटीला हसू आलं. इतकं उघड खोटं कुणीतरी खोडेल, याची तिला खात्री होती, कारण ते खोडणारा माणूस तिच्या शेजारीच बसला होता.

"पती कोण?" साहेबांनी विचारलं.

मास्तर उभा राहिला. समोर त्याचाच तक्ता होता. तिसरी ओळ, चौथी ओळ, झाड. झाडाला त्याने फळंही काढली होती. बाकावर त्याच्या बोटाखाली गिरणीचं नाव कोरलेलं होतं आणि ते बोटाला लागत होतं.

"बरोबर आहे का हे? पत्नी आपल्या नात्यातल्या आहेत?"

"म्हणजे," मास्तर म्हणाला, "तसं पाहिलं तर…"

"मास्तर," धाकटी हळूच म्हणाली.

"लांबच्या असतील," मास्तर म्हणाला. "खूप लांबच्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढला आणि मोठ्या आपुलकीने निकाल सांगितला. गिरणीचा या आजाराशी संबंध दिसत नाही. या कुटुंबात जवळच्या नात्यात लग्नं करण्याची पद्धत दिसते, ती आरोग्याला घातक आहे, ती त्यांनी सोडावी. मुलीला पौष्टिक खायला द्यावं. सकाळी मोकळ्या हवेत फिरवावं.

"कुठल्या?" धाकटीने विचारलं.

"काय म्हणालात?"

"हवेत. कुठल्या?"

साहेब हसले. हा विनोद त्यांना आवडला. निघताना ते तक्त्यापाशी थांबले. "हे कुणी लिहिलंय?"

"मी," मास्तर म्हणाला.

"अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

"थँक यू, सर," मास्तर म्हणाला, आणि त्याला खरोखरच बरं वाटलं. ते बरं वाटणं बायकोने पाहिलं.

*

घरी कुणी भांडलं नाही. भांडण व्हायला दोन बाजू लागतात, आणि धाकटीने आपली बाजू उचलून कपाटातून काढली होती आणि ती पिशवीत भरत होती. ताई चिमीच्या वेण्या घालत होती.

"थोडे दिवस ताईकडे जाऊन या," मास्तर दारात उभा राहून म्हणाला. "चिमीला बरं वाटेल. मग मी येतो न्यायला."

"येऊ नका."

"अगं, मी काय करणार होतो? तिथे सगळ्यांसमोर आबांना खोटं पाडू?"

"नाही, ते कसं करणार? मला परकी म्हणायचं होतं फक्त. रोज घरात म्हणता, एकदा तिथे म्हटलं असतं तर झालं असतं."

मास्तर पेपर तपासायला गेला. या खेपेलाही दोन मार्कांच्या प्रश्नात कुणी नापास नव्हतं.

धाकटी अंगणात चिमीचा फ्रॉक काढायला आली. दोरीवर थोरल्याचा शर्ट होता. सुनावणीनंतर तो गिरणीत जाऊन आला होता आणि आल्याआल्या त्याने शर्ट नेहमीच्या जागी टाकला होता. तिने सवयीने त्याला हात घातला आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली.

"दे इकडे," मागून आबा म्हणाले. "मी झटकतो."

ती वळली. आबा अनवाणीच बाहेर आले होते. सकाळपेक्षा ते एकदम वाकलेले दिसत होते.

"आता?"

"ती इथेच उभी राहायची. या दगडावर."

"हो," धाकटी म्हणाली. "तुमची नातेवाईक."

आबांनी मान खाली घातली. तिने शर्ट त्यांच्या हातात दिला, फ्रॉक खांद्यावर टाकला आणि आत गेली. पाया ती पडली नाही. थोड्या वेळाने फाटक वाजलं. ताईचा खोकला गल्लीतून पुढे गेला, मग चिमीचा, शेवटाला जरा वर जाणारा. तिसरा सुनेचा होता. वळणापर्यंत तिन्ही ओळखू येत होते. त्यापुढे आबांना काही ऐकू आलं नाही.

त्यांनी दगडावर उभं राहून शर्ट दोन्ही हातांनी धरला. कुठून धरायचा ते त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या झटक्याला नुसतीच फडफड झाली. दुसऱ्याला फटाक् आवाज आला आणि पांढरा ढग उठून त्यांच्या तोंडासमोर उभा राहिला. वारा घराकडे होता. ते डोळे न मिटता, तोंड न फिरवता तसेच उभे राहिले.

"आबा," आतून थोरल्याने आवाज दिला, "कॉलर नीट झटका हो. आई नीट झटकायची."

आबांनी कॉलर धरली.